नानाजींची सायाळ

नानाजींना सायाळीनं काटा मारला त्याला आता एकतीस वर्षं झाली, पण शेलूबाजारच्या अलीकडल्या त्या गावात ती गोष्ट ऐकली नाही असा माणूस सापडायचा नाही. लग्नात वाढप्यांना उशीर झाला की नानाजी ती सांगत. दहाव्याला नदीवर कावळ्याची वाट पाहत बसलेल्या लोकांना सांगत. बँकेत लिंक गेली म्हणजे रांगेत उभ्या असलेल्यांना सांगत, आणि लिंक आली तरी लोक गोष्ट संपेपर्यंत थांबत.

गोष्ट अशी होती. भुईमुगाचं वावर, पहाटेची वेळ. वीस पावलांवर सायाळ शेंगा उकरत होती. वासराएवढी सायाळ. नानाजींनी काठी उगारली. सायाळीनं वळून त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवला, अंग फुलवलं आणि धनुष्यातून बाण सुटावा तसा एक काटा सोडला. तो सणसणत आला आणि नानाजींच्या मांडीत रुतला. नानाजींनी तो आपल्या हातानं उपसून फेकला आणि पायी चालत घर गाठलं. "बायको रडाले लागली," असं ते शेवटी सांगत. "मी म्हनलं, रडू नोको, तुह्या कुंकवाचं बळ जबर हाये."

ती बायको, पंचफुला, दर वेळी तिथंच कुठंतरी असायची. कधी भाकरी थापत, कधी बायकांच्या घोळक्यात. त्या दिवशी कोण रडलं होतं हे जगात दोनच माणसांना ठाऊक होतं, आणि त्यातला एक जण आता ते विसरला होता. पहिली दोन-चार वर्षं तिला राग यायचा. मग तिनं तोही सोडला. नवऱ्याला ना दारू, ना पत्ते, ना कोर्टकचेरीचा नाद. एक सायाळ पोसायला काय जातं, असं तिनं मनाशी ठरवलं होतं.

यंदा गावच्या शेतकरी गटानं नागपूरजवळची संत्र्याची नर्सरी बघायचं ठरवलं. बचत गटातल्या बायांनाही सहा जागा ठेवल्या होत्या, म्हणून पंचफुलाही निघाली. गटाचा सचिव विकास. पोरगा हुशार, तोंडानं गोड, फक्त तारखांशी त्याचं जमत नसे. भल्या सकाळी सव्वीस माणसं मिनीबसमध्ये बसली आणि गाडी समृद्धी महामार्गाला लागली. रस्ता असा की पोटातलं पाणी हलू नये. पण तासाभरानं म्हाताऱ्या मंडळींच्या ध्यानात आलं, की या रस्त्याला सगळं आहे, एका बाभळीचा आडोसा तेवढा नाही. त्यानंतर नागपूर येईपर्यंत गाडीत फारसं कुणी बोललं नाही.

नर्सरीच्या फाटकावर चौकीदार म्हणाला, "तुमचं उद्या आहे. आज साहेब नाहीत."

सगळ्यांनी विकासकडं पाहिलं. विकासनं मोबाइलकडं पाहिलं. मोबाइलमध्ये सतरा तारीख होती आणि बाहेरच्या जगात सोळा.

"आता आलोच हाओ तर उद्याची तयारी झाली असं समजा," विकास म्हणाला, पण ते कुणाला पटलं नाही.

तेव्हा मागच्या सीटवरून गोविंदसिंग बोलले. तांड्यावरचे गोविंदसिंग म्हणजे नानाजींचे वावरशेजारी. दोघांच्या मधे एक धुरा, म्हणजे वावराचा बांध, आणि चाळीस वर्षांची दोस्ती. माणूस कमी बोलणारा. "माही नात इथं अजबखान्यात नोकरीले हाये," ते म्हणाले. "रंजीता. मेलेले जनावरं सांभाळते."

"मेलेले कायले सांभाळा लागते?" बचत गटातल्या कस्तुराबाईनं विचारलं. "ते काय पळून जाते?"

"ते मले ठाऊक नाई. पगार चांगला हाये."

अशी ती मंडळी प्राण्यांच्या त्या भल्यामोठ्या संग्रहालयात पोचली. इमारत दगडी, छत उंच, आत गारवा. रंजीता पायऱ्यांवर उभीच होती. गळ्यात ओळखपत्र, केस घट्ट बांधलेले, आणि आजोबांना पाहून झालेला आनंद तिनं नोकरीच्या जागी शोभेल एवढाच चेहऱ्यावर ठेवला होता. हिला पंचफुलानं झग्यात पाहिलं होतं, धुऱ्यावरच्या बोरी झोडपताना.

पहिल्याच दालनात देवमाशाचा सांगाडा टांगला होता. बरगड्या अशा, की एकेकीखाली एक बैलगाडी उभी राहावी. मंडळी माना वर करून उभी राहिली.

"हा मासा नाही बरं," रंजीता सांगू लागली. "हा आपल्यासारखा पिल्लाला दूध पाजणारा प्राणी आहे."

"पान्यात पाजते?" पंचफुलानं विचारलं.

"हो आजी, पाण्यातच. पोहता पोहता."

पंचफुला त्या हाडांकडं बराच वेळ पाहत राहिली. आपल्याला निदान उंबऱ्याशी टेकून बसता येत होतं, असं तिच्या मनात आलं, आणि त्या अगडबंब बाईबद्दल तिला एकदम माया वाटली.

पुढच्या दालनात मात्र गंमत झाली. ते आपल्याकडच्या रानातल्या जनावरांचं दालन होतं. काचेमागं रोही, म्हणजे नीलगाईचा नर, उभा होता, त्याच्या शेजारी रानडुक्कर, वर फांदीवर वानरांची अख्खी पंचायत. ज्यांच्यापायी गावानं रात्री मचाणावर काढल्या, पत्र्याचे डबे बडवले, जुन्या साड्यांची कुंपणं केली, ते सगळे आरोपी एकाच ठिकाणी, हलायची सोय नसलेले.

"सापडला बाप्पा," रोह्यासमोर कुणीतरी म्हणालं. "माह्या दीड एकर तुरीचा हिशोब दे आता."

"शहरातले लोक याले तिकीट काढून पाह्यतात," दुसरा म्हणाला. "आपल्याकडं तर हा सोताच भेटाले येते."

विकासनं डुकरासोबत फोटो काढला आणि गावच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, बंदोबस्त झाला. रंजीता दोनदा म्हणाली, काचेला हात लावू नका, पण लोक हात लावत नव्हते, बोट दाखवून जाब विचारत होते, आणि त्याबद्दल तिच्याकडं काही नियम नव्हता.

नानाजी या गडबडीत नव्हते. ते हात मागं बांधून, टोपी नीट करून उभे होते, आपला नंबर यायचा आहे हे ठाऊक असलेल्या माणसासारखे. थोडं शांत झालं तेव्हा त्यांनी विचारलं, "बेटी, सायाळ कुठं हाये?"

पंचफुला बायांच्या घोळक्यातून पुढं सरकली. 

सायाळ कोपऱ्यातल्या काचेत होती. काळेपांढरे काटे, आखूड पाय, आणि मध्यम कुत्र्याएवढं अंग.

"नानाजी," विकास म्हणाला, "तुमची तं वासराएवढी होती न?"

"हे पिलू असन."

"नाही," रंजीता म्हणाली, "ही पूर्ण वाढ झालेली मादी आहे. आपल्याकडं यापेक्षा फार मोठी होत नाही."

"तवाचं खानं येगळं होतं," नानाजी म्हणाले आणि तो मुद्दा बाजूला सारला. मग त्यांनी मंडळींना हातानं जवळ बोलावलं. सगळे अर्धगोल करून उभे राहिले. "आता ऐका. हे शिकेल पोरगी हाये. बेटी, सांग या लोकाईले, हे काटा कसा फेकते."

रंजीताला ती गोष्ट माहीत होती की नाही, पंचफुलाला कळेना. तांड्यावर वाढलेली पोर, ऐकली असणारच. पण वर्षानुवर्षं शाळेच्या सहली फिरवून तिच्या तोंडात एक वाक्य बसलं होतं आणि ते बाहेर पडून गेलं.

"सायाळ काटे फेकते, हा अनेकांचा गैरसमज आहे."

 सव्वीस माणसांतल्या पंचवीस माना नानाजींकडं वळल्या.

"गैरसमज?" नानाजी म्हणाले.

रंजीताचा चेहरा उतरला. आपण कुठं पाय दिला हे तिला आता उमगलं होतं. तिचं शहरातलं मराठी तिथल्या तिथं गळून पडलं. "म्हन्जे, नानाजी, तसं लोकाईले वाटते. पन काटा अंगातून सुटून उडत नाई. तिले तशी सोयच नाई."

"तू पुस्तकात वाचलं. मी मांडीत वाचलं."

"काटा लागते, हे खरं हाये. पन ते मांगं सरकते. पाठ करते आनि उलटी धावून येते. अंगाले अंग भिडल्याबिगर काटा रुतत नाई."

"वीस पावलावरून?" विकासनं विचारलं. त्याच्या आवाजात तारखेचं ओझं उतरल्याचा आनंद होता.

"वीस बोटावरूनबी नाई."

आणि मग गोविंदसिंग बोलले. एकतीस वर्षं ज्यांनी ती गोष्ट एका शब्दानं न अडवता ऐकली होती, ते काचेतल्या सायाळीकडं पाहत म्हणाले, "म्हन्जे नाना, ते उलटी येऊन तुले भिडली. तवा तू तिच्या मांगं इतक्या जवळ काय करत होता?"

हसू आधी बायांच्या बाजूनं फुटलं. मग ते सगळीकडं पसरलं. कुणी विचारलं, मांडी पुढून की मागून. कुणी म्हणालं, चड्डी कुठं ठेवली आहे, इथंच काचेत लावू.  नानाजींचा हात टोपीकडं गेला, टोपी सरळच होती, तरी त्यांनी ती सरळ केली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

या दिवसाची पंचफुलानं रागाच्या त्या वर्षांत फार वाट पाहिली होती. भाकरी थापताना, निंदताना, कितीदा तिनं मनात त्यांची फजिती रंगवली होती. आणि आता ती समोर उभी होती, तर तिची चव लागेना. चौसष्ट वर्षांचा माणूस, भर नागपुरात, वानरांसमोर उभा राहून टोपी सरळ करत होता. त्यांनी तिच्याकडं पाहिलं. मदत मागायला नव्हे. ही आता तोंड उघडते की काय, या भीतीनं.

तिनं तोंड उघडलं.

"मी सांगतो," पंचफुला म्हणाली.

"पंचफुले," नानाजी म्हणाले.

"उभ्या राहा न बाया, सांगू द्या. काय होतं, तवा आमच्याकडं संडास नव्हता. गावात कोनाकडंच नव्हता, उगा हसू नोका. हे पहाटेचे उठले, टमरेल घेतलं आनि गेले भुईमुगाच्या वावरात. आता यायले बसाले जागा लागते साफ. हे पाय, ते पाय. शेवटी धुऱ्याच्या खाली एक जागा यायच्या मनाले आली. समोर एक मोठं भगदाड होतं. यायले वाटलं, बरं झालं, आडोसा हाये. ते तिचं घर होतं. सायाळीचं."

हसू थांबलं होतं. लोक पुढं सरकले होते.

"ते बिचारी रातभर शेंगा खाऊन दमून घरी आली. पाह्यते तं दारात मानूस बसेल. तोंड त्याचं तिकडं, बाकी सगळं इकडं. तुमच्या दारात असं कोनी बसलं तं तुमी काय कराल? तिनं पाठ केली आनि आली मुसंडी मारून. तीन काटे. मांडीले नाई लागले."

"मंग कुठं?" कस्तुराबाईनं विचारलं.

"तू दोन लेकराईची माय हायेस, तुले सगळंच सांगा लागते काय?" पंचफुला म्हणाली. "घरी आले ते पालथेच आले समजा. मी सांडशीनं काढले. एकेका काट्याले यायनं एकेक देव बोलावला. रडले. मी नाई रडली, हे रडले. आनि मी," ती जरा थांबली, "मी हसली. लय हसली. म्हनूनच यायनं मांडी केली आनि वीस पावलं केले. मी जर तवा हसली नसती तं हे झालं नसतं. म्हनून तुमाले हसाचं असन तं मले हसा."

 इतकं लांबलचक ती उभ्या आयुष्यात चारचौघांत बोलली नव्हती. लोक हसलेच. पण नानाजींना हसताना जसे हसत होते तसे नाही. पोट धरून, भिंतीला टेकून, डोळे पुसत. दारात बसलेला माणूस सगळ्यांनाच दिसला होता.

रंजीता मात्र हसत नव्हती. तिनं पिशवीतून वही काढली होती.

"आजी, बिळाचं तोंड कोनत्या बाजूले होतं?"

"मले काय ठाऊक? मी काय पाह्याले गेलती?"

"उगवतीकडं," मागून आवाज आला.

नानाजी होते. काचेकडं तोंड, लोकांकडं पाठ.

रंजीता त्यांच्याजवळ गेली. "येन्याच्या आधी तिनं आवाज केलता काय, नानाजी?"

नानाजींनी काचेतल्या सायाळीची शेपटी न्याहाळली. मग म्हणाले, "खुळखुळा वाजल्यावानी. मले वाटलं, गोविंदाची बैलजोडी आली. घुंगराचा आवाज हाये. मी खाकरलो."

"ते शेपटीच्या काट्याचा आवाज असते. आनि पाय आपटले?"

"दोन डाव आपटले. मी म्हनलं, अबे गोविंदा, इकडं मी बसेल हाओ."

आता गोविंदसिंग भिंतीचा आधार घेऊन खाली बसले. पण रंजीता लिहीत होती आणि नानाजींना ते लिहिणं दिसत होतं.

"तुमी पह्यलेच हाओ," ती म्हणाली. "मी दोन साल झाले, आपल्या भागातल्या सायाळीची माहिती जमा करून राह्यली. मानोऱ्यापासून मंगरूळपर्यंत किती लोकाईले विचारलं. जो तो सांगते, लांबून काटा मारला. खरं काय झालं ते कोनीच सांगत नाई. आधी शेपटी वाजवली, मंग पाय आपटले, मंग उलटी आली, हे असं सगळं सांगनारा मानूस मले भेटलाच नव्हता."

"पह्यलाच?" नानाजींनी विचारलं.

"पह्यलाच."

नानाजी वळले. हात मागं बांधले. "लिही मंग," ते म्हणाले. "दव पडेल होतं. वारा नव्हता."

परतताना मात्र ते पंचफुलाशी बोलले नाहीत. गाडीत ती शेजारी बसली, दशम्यांचं फडकं सोडलं, तिळाची चटणी पुढं केली. त्यांनी खिडकीतून समृद्धीच्या कठड्याकडं पाहत दशमी खाल्ली. कारंजा मागं पडल्यावर त्यांनी तोंड उघडलं.

"तू सांगाले नव्हतं पाह्यजे."

"मंग त्या पोरीनं लिहून घेतलं असतं काय?"

हे त्यांना विचारात टाकणारं होतं. दोन-तीन किलोमीटर त्यांनी त्यावर विचार केला.

"रडलो असं कायले सांगितलं?"

"रडले नव्हते काय?"

"रडलो. पन तेवढं गाळता येत होतं."

 खरं होतं. तेवढं गाळता आलं असतं. पंचफुलानं त्यांना आणखी एक दशमी दिली आणि त्यांनी ती घेतली.

पुढचे पंधरा दिवस गावानं त्यांना सोडलं नाही. पारावरून जाताना कुणीतरी शेपटी वाजवल्यासारखी जीभ वाजवायचं. नानाजींनी ते धीरानं घेतलं, आणि धीर संपला तेव्हा त्यांनी उलटच केलं. पारावर बसून स्वतःच गोष्ट सांगायला घेतली. टमरेलापासून. मधे मधे "शास्त्रात असं हाये" म्हणू लागले. कुणी म्हणालं की घोरपडीची शेपटी लागली तर माणूस पांगळा होतो, तर नानाजी विचारत, तू सोता पाह्यलं काय, कोनत्या दिशेनं आली, किती वाजता. लोकांना गप्प बसावं लागे. गावात अफवा सांगणं जरा अवघड होऊन बसलं.

दिवाळीनंतर रंजीता सुट्टीवर तांड्यावर आली आणि दुसऱ्याच दिवशी वही आणि मोजपट्टी घेऊन नानाजींच्या घरी हजर. ती जागा बघायची म्हणाली. सोयाबीन निघून वावर मोकळं झालं होतं. धुऱ्याखाली ते भगदाड अजून होतं, आणि तोंडाशी ताजी उकरलेली माती होती, म्हणजे घर नांदतं होतं. गोविंदसिंग आपल्या बाजूनं धुऱ्यावर येऊन बसले. गावातली दहा-पंधरा माणसं उगाच आपापल्या कामानं तिकडून चालली होती.

"नानाजी, कसे बसले होते ते दाखवता काय?" रंजीतानं विचारलं. "अंतर मोजा लागते."

पंचफुलाला वाटलं, आता हे तडक घरी जातात. पण नानाजींनी धोतराचा सोगा सावरला, बिळाकडं तोंड केलं, दोन पावलं डावीकडं सरकले, "नाई, इथं," म्हणाले, आणि उकिडवे बसले. चेहरा असा गंभीर, जसा पंधरा ऑगस्टला झेंड्यापुढं असतो.

रंजीतानं मोजपट्टीचं एक टोक बिळाशी धरलं आणि इकडंतिकडं पाहिलं. मग ती म्हणाली, "आजी, तुमी जरा सायाळ व्हा न."

"मी?"

"दुसरं कोन होईन? तुमालेच सगळी गोठ ठाऊक हाये."

पंचफुलानं पदर खोचला. वावरात गेली, वळली, नवऱ्याकडं पाठ केली आणि ढेकळांवर एकेक पाऊल मागं टाकत येऊ लागली.

"शेपटी वाजव, वयनी," धुऱ्यावरून गोविंदसिंग म्हणाले.

तिनं हात मागं घेऊन बांगड्या वाजवल्या.

"पाय," रंजीता वहीत बघून म्हणाली. "दोन वेळा."

पंचफुलानं दोनदा पाय आपटले. मागून नानाजी खाकरले, जसे त्या दिवशी खाकरले असतील तसे, आणि मान न वळवता म्हणाले, "हळू ये बरं."

"ते हळू आलती काय?" पंचफुला म्हणाली, आणि तिनं चाल वाढवली.